हॉल नंबर चारचा रविवार

अकरा वर्षं मी देवाचं टाइमटेबल सांभाळलं. घरात दीड दिवसाचा गणपती आणि नोकरी चर्चच्या कंपाउंडात, हे ऐकून लोकांना गंमत वाटते. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका बाईंनाही वाटली. "पाटणकर काका, धमाल किस्से असतील ना? लिहा की!" म्हणाल्या. किस्से आहेत. पण लिहायला बसलो की तिसऱ्या ओळीला उठतो, बाल्कनीत जातो, समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या बघतो आणि परत येतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्हाला काय मुंग्या चावतायत का हो?" चावतायत. त्या कुठून येतात तेच आज सांगणार आहे, त्यामुळे धमाल थोडी कमी पडली तर संपादिका बाईंनी सांभाळून घ्यावं.

ज्यांनी इथलं, आखातातलं, असं कंपाउंड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका भिंतीच्या आत सहा हॉल आणि त्या सहा हॉलांत आठवडाभर बेचाळीस मंडळ्या. 'मंडळी' हा शब्द मी नगरकडच्या मराठी ख्रिस्ती लोकांकडून शिकलो. एका चर्चचे सगळे लोक मिळून एक मंडळी, आणि त्यांची पूजा ती उपासना. मल्याळी, तमिळ, फिलिपिनो, कोरियन, इथिओपियन, उर्दू बोलणारे पाकिस्तानी, सगळे एकाच फाटकातून आत यायचे. प्रत्येक मंडळीला दोन तास, मग पंधरा मिनिटं खुर्च्या लावायला, की पुढची मंडळी आत. ही पंधरा मिनिटं म्हणजे माझी नोकरी. एसी चालू आहे ना, माइक किंचाळत नाही ना, आगीच्या नियमाप्रमाणे हॉलमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माणसं नाहीत ना, हे बघायचं आणि वेळ संपली की हात जोडून देवाला बाहेर काढायचं. मूळचा मी एसीवाला. नरिमन पॉइंटच्या बिल्डिंगांचे एसी सांभाळता सांभाळता इकडे आलो. यंत्रं सोपी असतात. भाषण लांबवणारा पास्टर थंड करायला कुठलाही गॅस चालत नाही.

नमुने भरपूर. कोरियन लोक स्वच्छ हॉल परत एकदा पुसायचे, त्यामुळे माझे सफाईवाले त्यांच्यावर रुसायचे. एका लग्नात नवरा खोर फक्कानहून येताना घाटरस्त्यात अडकला, तर नवरीच्या बापाने मला धरून विचारलं, "यल्ला, चला पाटणकर, नेक्स्ट स्लॉटवाल्यांना सांगून हे लग्न अर्धा तास पुढे नेता येईल का?" नेलं. पुढच्या मंडळीने वऱ्हाडाबरोबर टाळ्याही वाजवल्या.

पण वेळ न पाळण्यात हॉल नंबर चारच्या रविवार संध्याकाळवाल्यांचा हात कुणी धरला नसता.

आम्ही ऑफिसात त्यांना 'आफ्रिकन ग्रुप' म्हणायचो. ऑफिसाबाहेर काय म्हणायचो ते लिहायची मला लाज वाटते, पण आपण इथले भारतीय काळ्या माणसांबद्दल आपापसात कसं बोलतो ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. मीही त्यातलाच होतो. पहिल्या वर्षी मी त्यांच्या वेळेला स्पीकरच्या केबल जास्त लक्ष देऊन मोजायचो. एक केबल कधी हरवली नाही, तरी मोजायचो.

त्यांच्या प्रमुख मदर लुईझ. पंचाहत्तरीच्या पुढच्या, उंच, पांढराशुभ्र पोशाख आणि डोक्यावर सुपाएवढी टोपी. मूळच्या अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या. इथल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या. घानाच्या चार नर्स आणि खोर फक्कानच्या बंदरावर काम करणारा एक नायजेरियन इंजिनिअर, एवढ्यांना घेऊन त्यांनी ही मंडळी सुरू केली होती. आता केनिया, युगांडा, जमैका असे कुठले कुठले लोक यायचे. त्या आपल्या मंडळीला सरळ 'ब्लॅक चर्च' म्हणायच्या. मला ते कसंतरीच वाटायचं. एकदा मी म्हटलं, "मॅडम, तुम्हीच असं का म्हणता?"

त्या हसल्या. "ब्रदर पाटनकर, बस. सांगते."

त्यांच्या पणजोबांच्या वेळची गोष्ट. मालक गोरा, चर्च गोऱ्यांचं. गुलामांना आत यायला परवानगी, पण वरच्या माळ्यावर, भिंतीला टेकून उभं राहायचं. देव तोच, गाणी तीच, पण बसायला जागा नाही. गुलामी संपल्यावर त्या लोकांनी पहिली कुठली गोष्ट केली असेल तर स्वतःचं चर्च बांधलं. फळ्यांचं, गळकं, पण आत सगळ्यांना बसायला बाक. "तिथेच आम्ही वाचायला शिकलो, तिथेच मतदानाच्या हक्काच्या सभा भरवल्या. त्यामुळे आमच्यात उपासना आणि न्याय हे दोन वेगळे तास नाहीत," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा साताऱ्याकडचं आमचं गाव आठवलं. भैरोबाच्या देवळात काही माणसं दीपमाळेच्या पुढे यायची नाहीत. त्यांचा नारळ गुरव लांबूनच घ्यायचा. माझे आजोबा तिथले पंच होते. मी हे मदर लुईझना सांगितलं नाही. घड्याळ दाखवलं आणि म्हणालो, "मॅडम, आठ वाजून पाच मिनिटं झाली."

त्यांच्या मंडळीत दाराशी उभं राहणाऱ्यांचं एक पथक होतं. पांढरे कपडे, पांढरे हातमोजे. शब्द न बोलता खुणांनी काम चालायचं. एक बोट वर म्हणजे एकाची जागा आहे, हात छातीवर म्हणजे थांबा, आत प्रार्थना चालू आहे. माझ्या हातात माणसं मोजायचं बटणाचं यंत्र. हॉलची मर्यादा दोनशे ऐंशी. पहिल्यांदा मी दोनशे ऐंशीला दारात आडवा झालो तेव्हा मागे नऊ माणसं उभी होती. मला वाटलं आता भांडण. दारावरच्या बाईने आत बघून काहीतरी खूण केली आणि पुढच्या रांगेतल्या, जुन्या, मानाच्या नऊ जणी उठून शांतपणे बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन उभ्या राहिल्या. नवे नऊ आत गेले. आकडा दोनशे ऐंशीच. नियमात बोट ठेवायला जागा नाही. मला इतका राग आला की विचारू नका.

आणि मग त्यांचं टेबल. गाणी, भाषण साडेसातला संपायचं, पण लोक जायचे नाहीत. कॉरिडॉरमध्ये एक घडीचं टेबल लागायचं. त्याच्यामागे एक नर्स, एक टायपिंग सेंटरमध्ये अरबी फॉर्म भरणारी बाई, एक एचआरमधला माणूस आणि मधोमध मदर लुईझ. कुणीही यावं. मेडचं काम करणारी बाई, साइटवरचा बिहारी, डिलिव्हरीवाला पाकिस्तानी, कुठल्याही धर्माचा. कुणाला वैद्यकीय कागद कळत नाही, कुणाला सुट्टी मिळत नाही, कुणाचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय. आधी नाव विचारायचं आणि वहीत लिहायचं. मग ऐकायचं. मग सांगायचं की कुठल्या सरकारी ऑफिसात जायचं, आणि शेवटी मंडळीतले दोघे त्याच्याबरोबर जायचे. त्यांचा पक्का नियम होता, कुणालाही खिडकीसमोर एकटं उभं करायचं नाही.

"मॅडम, याने काही लफडं होणार नाही ना?" मी एकदा दबकत विचारलं.

"लफडं कसलं? आम्ही कायदा मोडत नाही. कायदा आहेच, तो फक्त वाचून दाखवतो."

हे टेबल सव्वाआठपर्यंत चालायचं आणि फिलिपिनो मंडळी खुर्च्या हातात धरून ताटकळायची. तक्रारवहीत हॉल चारची पानं सगळ्यात भरलेली होती. सगळी माझ्या अक्षरात.

आता त्या जुलैची गोष्ट. इथला जुलै म्हणजे काय ते मी सांगायला नको. रविवारी दुपारी हॉल चारच्या गच्चीवरच्या एसीचा कॉम्प्रेसर बसला. बसणारच होता. गेले तीन महिने तो कण्हत होता, ते मला कळत होतं. पण आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. देखभालीच्या तक्त्यावर महिन्याच्या सुरुवातीलाच काम झाल्याच्या टिका मारून ठेवायच्या आणि काम सवडीने करायचं. पंचवीस वर्षं मी हाताखालच्या मुलांना शिकवत आलो की असं करू नका, आणि हॉल चारसमोर एप्रिल, मे, जूनच्या टिका मीच मारून ठेवल्या होत्या. गच्चीवर गेलो नव्हतो.

सहा वाजता लोक आले. आत भट्टी. मी सफाईवाल्या संतोषला सांगितलं, "दोन्ही दारं उघड आणि स्टँडचे पंखे लाव." आगीची दारं उघडी ठेवायची नसतात, पण नाहीतर माणसं चक्कर येऊन पडली असती. उघड्या दारातून त्यांचं गाणं बाहेर आलं. ते गाणं बसून म्हणायचं नसतंच. टाळ्या, पाय, ड्रम, सगळं एकत्र. शेजारच्या हॉल पाचमध्ये मूकप्रार्थना करणारी मंडळी. दहा मिनिटांत कंपाउंडच्या कमिटीच्या चेअरमनसाहेबांचा फोन. "पाटणकर, हॉल पाचवाले फार अपसेट आहेत. नॉइज रीडिंग घ्या आणि मला रिपोर्ट द्या. धिस टाइम वी मस्ट डिसाइड."

मी मीटर घेऊन उभा राहिलो. चौऱ्याण्णव डेसिबल. आमची मर्यादा पंच्याऐंशी. मी लिहिलं, 'हॉल चार, सायंकाळी ६.४०, ९४.' दारं उघडी होती हे लिहिलं नाही. ते लिहिलं तर का उघडी होती हे लिहावं लागणार, मग एसी, मग तक्ता, मग टिका. मला त्या नोव्हेंबरात साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि माझी मुदत वाढवायची की नाही हे त्याच कमिटीपुढे होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सही केली आणि कागद पाठवला.

संतोषबद्दल सांगायला हवं. तळकोकणातला, चौतिशीचा, एका सफाई कंत्राटदाराकडून आमच्याकडे लागलेला. त्याच्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घरात जुळली ती याची किडनी. कोल्हापूरच्या इस्पितळाने तारीख दिली होती आणि याचा पासपोर्ट कंत्राटदाराच्या कपाटात. दोन आठवड्यांपूर्वी तो आधी माझ्याकडेच आला होता.

"सायेब, तुमी आपली माणसां. तुमचो शब्द ते ऐकतले."

मी कंत्राटदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "अरे पाटणकर भाई, इन्शाल्ला नेक्स्ट वीक हो जाएगा, टेन्शन मत लो." मी टेन्शन घेतलं नाही. संतोषला म्हटलं, "सबुरी धर." ज्याच्या बहिणीचं रक्त आठवड्यातून दोनदा मशीनवर घालतात त्याला मी सबुरी धरायला सांगितलं. माझी पत त्या कंत्राटदाराशी बिघडवायची नव्हती, एवढंच कारण.

त्या रविवारी, उपासना संपल्यावर मी ऑफिसात रिपोर्ट लिहीत होतो त्याच वेळी, संतोष टेबलासमोर बसलेला मला खिडकीतून दिसला. मदर लुईझना त्याची भाषा येत नव्हती, त्याला त्यांची. टायपिंगवाली बाई हिंदीतून दुभाषी झाली होती. सोमवारी घानाची नर्स आणि ती टायपिंगवाली त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून कामगार कार्यालयात गेल्या. दोघींनी आपल्या ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. बुधवारी पासपोर्ट त्याच्या हातात होता. कंत्राटदार मात्र चांगलाच खवळला. रजेच्या कागदावर त्याची सही अजून बाकी होती आणि विमान शनिवारचं.

गुरुवारी कमिटीची बैठक. एका बाजूला चेअरमन आणि चार सभासद, समोर मदर लुईझ, कोपऱ्यात मी फाइल घेऊन. पाणी द्यायला संतोष. चेअरमननी माझा रिपोर्ट वाचला. म्हणाले, "मदर, चौऱ्याण्णव इज नॉट ए जोक. उपासनेच्या वेळी तुमची दारं बंद होती ना?"

संतोष चेअरमनसमोर ग्लास ठेवत होता. मदर लुईझनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. घाईने नाही, वर्गात एखाद्याला उत्तर येतंय हे ठाऊक असताना शिक्षक पाहतात तसं. मी फाइलीत डोकं घातलं.

"आमचं गाणं मोठं असतं," त्या शेवटी म्हणाल्या. "ते खरं आहे."

खलास. रविवार संध्याकाळ त्यांच्याकडून काढून घेतली. त्याऐवजी मंगळवारी सकाळी सात ते नऊ. ठराव मीच टाइप केला.

मंगळवारी सकाळी सात वाजता कोण येणार? नर्सेस ड्यूटीवर, मेड घरात, साइटवाले साइटवर. तीनशेंची मंडळी तीस-पस्तिसांवर आली. हातमोजेवाल्या चौघी यायच्या आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्या राहायच्या. गाणं इतकं हळू व्हायचं की मीटर काढायची गरजच नव्हती. टेबल लागायचं. त्यासमोर कुणी नसायचं. मदर लुईझ नऊपर्यंत बसून राहायच्या, वही मिटायच्या आणि जाताना मला "गुड मॉर्निंग, ब्रदर पाटनकर" म्हणायच्या. आवाजात टोमणा नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं.

माझं चित्त थाऱ्यावर राहीना. ऑफिसात बसवेना, म्हणून मी राउंडच्या नावाखाली कंपाउंडभर फिरायचो. कॉम्प्रेसर आठवड्यात बदलून घेतला होता. हॉल चार आता थंडगार होता आणि रविवारी तिथे दुसरी मंडळी बसत होती. घरी जेवताना मी पानावरून उठायचो, फोन बघायचो, परत बसायचो. एकदा मुलाला आडून आडून सांगून बघितलं, की कुणाची चूक असली आणि ती दुसऱ्यावर गेली तर काय करावं. त्याने मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "बाबा, जस्ट टेल देम. इट्स नॉट दॅट डीप." मी त्याच्यावर चिडलो. त्याला काय जातंय बोलायला!

सप्टेंबरात संतोषचा व्हिडिओ कॉल आला. कुशीवरचा टाका दाखवला. बहीण पलीकडे बसलेली, चेहऱ्यावर रंग आलेला. "सायेब, त्या मदरबायना सांगा, ताय बरी असा. त्यांचो रविवार जोरात असतलो ना?"

"हो रे, जोरात," मी म्हणालो.

हा खोटेपणा पहिल्यापेक्षा जास्त बोचला. पहिल्यात निदान नोकरीचं भय होतं. याला काही कारणच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी माणसं मात्र येतच राहिली. टेबलाची बातमी तोंडोतोंडी गेली होती, टेबल गेल्याची नाही. गेटवर माझी खुर्ची. कुणी येऊन विचारायचं, "हॉल फोर? द टेबल?" मी सांगायचो, "नाऊ ट्यूसडे मॉर्निंग, सेव्हन ओ'क्लॉक." ती माणसं मान हलवून निघून जायची. मंगळवारी त्यातलं कुणी दिसायचं नाही.

ऑक्टोबरातला एक रविवार. एक बाई आली. काळी, पंचविशीची असेल, डोक्याला हिरवा रुमाल, पायांत दुसऱ्या कुणाच्या मापाच्या चपला. दमलेली होती, बस चुकली म्हणून बरंच चालून आली असावी. तिने हॉल चार विचारला. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. तिला ते कळलं नाही की पटलं नाही कोण जाणे, तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. तिने घड्याळाकडे पाहिलं. म्हणाली, "ट्यूसडे, मॅडम नो गिव्ह." पाच मिनिटं ती भिंतीच्या सावलीत उभी राहिली. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून ठेवलं होतं तिने. त्या वेळी माझ्या मागे हॉल दोनचा माइक किंचाळायला लागला, मी उठून तो बघायला गेलो, आणि परत आलो तेव्हा ती नव्हती.

मी रस्त्यापर्यंत धावलो. साठाव्या वर्षी धावणं म्हणजे काय ते कळलं. बसस्टॉपवर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा रिपोर्ट लिहिला. दारं उघडी होती. माझ्या सांगण्यावरून उघडली. एसी बंद होता. तीन महिन्यांच्या टिका खोट्या होत्या. हॉल चारमध्ये दारं बंद करून, त्याच स्पीकरवर, त्याच मोठ्या आवाजाला मी बाहेरून पुन्हा मोजलं, अठ्ठ्याहत्तर. सही केली आणि चेअरमनसाहेबांच्या समोर नेऊन ठेवला. त्यांनी दोनदा वाचला.

"पाटणकर, हे जुलैत सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली, सर."

त्यांनी कागद फाइलीला लावला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "फोर मंथ्स, पाटणकर." एवढंच. माझी मुदत वाढली नाही, आणि त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही. हॉल पाचचे वडीलधारे तर म्हणाले, "आम्ही फक्त दार लावा एवढंच म्हणत होतो हो!" नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रविवार संध्याकाळ हॉल चारला परत मिळाली.

त्याआधी मी मदर लुईझना सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर टेबलाला बसलो, लोक बसतात त्या बाजूच्या खुर्चीवर. म्हटलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं. बैठकीत का नाही बोललात?"

"दारं कुणी उघडली, हा पुढचा प्रश्न आला असता. त्या माणसाच्या कागदावर सही बाकी होती. त्याची बहीण थांबली नसती. आमचा रविवार थांबू शकत होता." मग म्हणाल्या, "आणि मला वाटलं होतं, तू बोलशील."

मी रडलो. साठीचा माणूस, चार हातमोजेवाल्या बायकांसमोर. एकीने कागदी रुमाल पुढे केला. मला वाटलं, आता त्या म्हणतील, झालं गेलं विसरून जा. आपल्याकडे असंच म्हणतात आणि चहा मागवतात. मदर लुईझनी वही उघडली.

"या चार महिन्यांत रविवारी कोण कोण आलं?"

मी सांगत गेलो. एक नेपाळी वॉचमन. दोन युगांडाच्या मुली. एक म्हातारा श्रीलंकन. आणि शेवटी ती हिरव्या रुमालाची बाई, तिने मनगट कसं धरलं होतं, आणि मॅडम मंगळवारी सुट्टी देत नाही म्हणाली ते. त्या लिहीत नव्हत्या. पेन कागदावर तसंच टेकवलेलं होतं.

"तिचं नाव?"

"मी विचारलं नाही."

"तिला काय हवं होतं?"

"तेही विचारलं नाही."

त्यांनी वही मिटली नाही. मला क्षमा केली असंही म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग आता तिला ओळखू शकेल असा एकटा तूच आहेस."

त्या नोव्हेंबरअखेर मी निवृत्त झालो. मुलाच्या नोकरीमुळे अजून इथेच, अजमानला राहतो. दर रविवारी चार वाजले की माझी चुळबुळ सुरू होते. पाचची बस धरतो आणि कंपाउंडच्या गेटवर जाऊन बसतो. खुर्ची आता दुसऱ्याची आहे, मी कठड्यावर बसतो. कुणी एकटं घुटमळताना दिसलं की उठतो, आधी नाव विचारतो, आणि हॉल चारपर्यंत बरोबर चालत जातो. आत टाळ्या चालू असतात. दार लावलेलं असतं, मी ढकलून उघडून देतो. मग परत गेटवर येतो, कारण ती आली आणि मी नसलो तर?

मागच्या रविवारी निघताना सुनंदा म्हणाली, "अहो, वर्ष होत आलं. ती आपल्या गावी गेली असेल, सुखरूप असेल."

"असेलही," मी म्हटलं आणि चपला घातल्या.